बंद दरवाज्यापासून संसदेपर्यंत : कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि फिरत्या मतांचा हिशेब

लोकसभेचा निकाल लागला की आपल्या वस्तीत आठवडाभर एकच वाद चालतो. आपली मतं कुणीकडे गेली? कुणामुळे कोण पडलं? कुणी मतं खाल्ली आणि कुणी विकली? २०१९ नंतर हा वाद झाला, २०२४ नंतरही झाला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकमेकांना गद्दार ठरवून झालं, चार कार्यकर्ते ग्रुप सोडून गेले, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत सगळं थंड झालं.

या वादात एक माणूस आठवायला हवा. कर्मवीर दादासाहेब गायकवाड. आपल्या पिढीला ते फोटोतून माहीत आहेत. काळाराम मंदिर सत्याग्रह म्हटलं की नाव घेतलं जातं, जयंतीला हार घातला जातो. जिल्ह्यातल्या भूमिहीन कुटुंबांबरोबर काम करताना मी त्यांच्या नावाच्या सबळीकरण योजनेचे अर्ज भरून देते. चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमिनीची ही योजना. अर्ज करणाऱ्या बऱ्याच जणांना ते नाव कुणाचं, हे ठाऊक नसतं. पण या माणसाचं राजकीय आयुष्य नीट पाहिलं, तर आजच्या वादातले बहुतेक प्रश्न त्यांच्यासमोर येऊन गेलेले दिसतात. मतं कशी जोडली जातात, ती कशी निसटतात आणि तुमची मतं वाढूनही तुमच्या जागा कमी कशा होतात, हे सगळं त्यांनी एका आयुष्यात पाहिलं.

आंबे गावचा भाऊराव

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. घर महार समाजातलं, भोवताल खेड्याचा. शिक्षण फार मोठं झालं नाही. बॅरिस्टर, डॉक्टर, प्रोफेसर अशी बिरुदं त्यांच्या नावाला कधी लागली नाहीत. पण माणसं ओळखणं, माणसं जमवणं आणि जमवलेली माणसं टिकवणं ही विद्या त्यांच्याकडे होती. विशीतच ते बाबासाहेबांच्या चळवळीत आले आणि नाशिक जिल्ह्याचा सगळा भार हळूहळू त्यांच्या खांद्यावर आला. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती वाचली की कळतं, सभेच्या तयारीपासून पैशांच्या हिशेबापर्यंत आणि उमेदवारांपासून घरगुती चिंतेपर्यंत सगळं ते या एका सहकाऱ्याला मोकळेपणाने लिहीत होते.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब या लढ्याचे आघाडीचे संघटक होते. हजारो स्त्री-पुरुष मंदिराच्या दारांसमोर बसले आणि दारं बंद राहिली. रामनवमीला रथावरून संघर्ष झाला, दगडफेक झाली. पुढची जवळजवळ पाच वर्षं हा लढा चालू राहिला. बाबासाहेब मुंबईत, लंडनला गोलमेज परिषदेत किंवा कोर्टाच्या कामात असताना नाशिकची आघाडी सांभाळत होते ते दादासाहेब. गावोगावी सत्याग्रहींवर बहिष्कार पडला, कामं बंद झाली, पाणी अडवलं गेलं. ती झळ सोसणारी माणसं टिकवून ठेवणं हे भाषण करण्यापेक्षा अवघड काम होतं.

दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. येवलाही नाशिक जिल्ह्यातलंच. ज्या जिल्ह्याने दार बंद ठेवलं, त्याच जिल्ह्यातून दुसऱ्या वाटेची घोषणा झाली. हे नाशिक लक्षात ठेवा, कारण पुढे मतपेटीच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

पहिला विजय आणि पहिला धक्का

१९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब नाशिकमधून मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले. त्या निवडणुकीत पक्षाने लढवलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. पक्षाचं नावच सांगत होतं की तो एका जातीपुरता नाही. खोतीविरुद्धचा लढा, गिरणी कामगारांचे प्रश्न, वतनाच्या जमिनी असे विषय घेऊन पक्ष उभा होता. त्यामुळे कुळं आणि कामगार त्याच्याजवळ आले.

मग १९४६ आलं. तोवर पक्ष बदलून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन झालं होतं. पुणे करारातली पद्धत अशी होती की राखीव जागेवर आधी फक्त अस्पृश्य मतदार प्राथमिक फेरीत मतदान करायचे आणि अंतिम फेरीत सगळे मतदार. अंतिम फेरीत सवर्ण मतदारांची संख्या इतकी मोठी असायची की अस्पृश्यांच्या पसंतीचा उमेदवार पडणं ठरलेलं होतं. स्वातंत्र्याच्या लाटेत काँग्रेसकडे मतं लोटली आणि फेडरेशनला देशभरात राखीव जागांपैकी अगदी बोटांवर मोजण्याइतक्या मिळाल्या. मुंबई प्रांतात एकही नाही.

इथे पहिला धडा दिसतो. तुमचा मतदार तुमच्याशी निष्ठावान असला तरी निकाल तेवढ्याने ठरत नाही. त्याच्या शेजारी उभा असलेला मतदार कुणाकडे झुकतो, यावर तो ठरतो.

१९५२ : मतं होती, सोबत नव्हती

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. फेडरेशनने लोकसभेच्या ३५ जागा लढवल्या. देशभरात २.३८ टक्के मतं मिळाली आणि जागा मिळाल्या दोन. सोलापुरातून पां. ना. राजभोज आणि हैदराबाद राज्यातल्या करीमनगरमधून एम. आर. कृष्ण. सोलापूर का जिंकलं? तिथे शेतकरी कामगार पक्षाबरोबर समझोता होता आणि शेकापचे शंकरराव मोरे त्याच मतदारसंघातून सर्वसाधारण जागेवर निवडून आले.

खुद्द बाबासाहेब मात्र मुंबईत हरले. त्या काळी काही मतदारसंघ द्विसदस्यीय असत. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. बाबासाहेबांची जोडी समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांच्याशी होती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे १४ हजारांच्या फरकाने पराभव केला. याच मतदारसंघात कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगेही उभे होते. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरं मत वाया घालवायला सांगितलं, असा आरोप झाला आणि प्रकरण निवडणूक याचिकेपर्यंत गेलं. वाया गेलेल्या मतांचा आकडा पराभवाच्या फरकाच्या कितीतरी पट मोठा होता. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच झालं. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता जिंकले आणि राखीव जागेवर बाबासाहेब हरले. आपल्या लोकांनी मित्रपक्षाला मत दिलं, पण मित्रपक्षाच्या मतदारांनी दुसरं मत पूर्णपणे इकडे वळवलं नाही.

युती कागदावर होते, मतं माणसांच्या मनातून वळावी लागतात. हा फरक दादासाहेबांनी जवळून पाहिला. पुढची पाच वर्षं त्यांच्या राजकारणाचा सगळा भर याच एका गोष्टीवर राहिला.

१९५७ : नाशिकने दार उघडलं

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. आणि अवघ्या अडीच-तीन महिन्यांत दुसरी सार्वत्रिक निवडणूक येऊन उभी राहिली. पक्षाचा आधार गेला होता, समाज शोकात होता. वर एक घटनात्मक अडचण होती. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. म्हणजे बौद्ध झालेल्या कार्यकर्त्याने राखीव जागेवर उभं राहायचं तर आपण बौद्ध नाही असं म्हणायचं, किंवा सर्वसाधारण जागेवर लढायचं. सर्वसाधारण जागेवर लढायचं म्हणजे ज्यांनी आजवर पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्यांची मतं मागायची.

नेमक्या त्याच वेळी मराठी मुलखात दुसरं वादळ उठलं होतं. राज्य पुनर्रचनेत मुंबईसह महाराष्ट्र नाकारला गेला होता. गोळीबारात माणसं मारली गेली होती. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप यांच्या बरोबरीने शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही त्यात होतं आणि दादासाहेब समितीच्या प्रमुख नेत्यांपैकी एक होते. यातले अनेक जण पाच वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध लढले होते. ज्या डांग्यांच्या पक्षामुळे बाबासाहेब हरले अशी भावना मुंबईतल्या प्रत्येक चाळीत होती, त्याच डांग्यांबरोबर आता एका व्यासपीठावर बसायचं होतं. कार्यकर्त्यांना हे पटवणं सोपं गेलं नसेल. दादासाहेबांनी ते काम केलं.

निकाल लागला. फेडरेशनने देशात फक्त १९ जागा लढवल्या, म्हणजे १९५२ च्या जवळपास निम्म्या. मतं २.३८ वरून १.६९ टक्क्यांवर आली. आणि जागा मिळाल्या सहा. नाशिकमधून स्वतः दादासाहेब. कोपरगावमधून बी. सी. कांबळे, मध्य मुंबईतून जी. के. माने, खेडमधून बाळासाहेब साळुंके, नांदेडमधून हरिहरराव सोनुले आणि कर्नाटकातल्या चिकोडीतून दत्ता कट्टी. मध्य मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात माने यांच्या जोडीला निवडून आले ते डांगे. १९५२ मध्ये वाया घालवल्याचा आरोप झालेलं दुसरं मत १९५७ मध्ये जोडीदाराला पडलं.

नाशिकचा विजय याहून मोठा होता. ती सर्वसाधारण जागा होती. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या शहरात मंदिराचं दार बंद राहिलं, त्या भागातल्या मराठा, माळी, ब्राह्मण, कामगार, शेतकरी मतदारांनी आंबे गावच्या बौद्ध माणसाला दिल्लीला पाठवलं. सगळ्यांच्या मनातली जात गेली होती, असं समजण्याचं कारण नाही. मराठी भाषिक राज्याचा प्रश्न त्या क्षणी जातीपेक्षा मोठा झाला होता आणि त्या प्रश्नावर दादासाहेब विश्वासार्ह वाटले, एवढाच याचा अर्थ. मतदाराच्या निष्ठा एका थरात नसतात. जात, भाषा, पोट, धर्म, नेत्यावरचा विश्वास असे अनेक थर असतात. कुठल्या वेळी कुठला थर वर येतो, त्यावर मत फिरतं.

देशाच्या निकालाकडे वरवर पाहिलं तर १९५७ मध्ये काही बदललंच नाही असं वाटेल. काँग्रेसच्या जागा ३६४ वरून ३७१ झाल्या, म्हणजे वाढल्याच. पण आतल्या खोलीत जाऊन पाहा. मुंबई राज्यात ६६ पैकी काँग्रेसला ३८ जागा मिळाल्या, आणि त्याही विदर्भ, मराठवाडा, गुजरातच्या आधारावर. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसची वाताहत झाली. केंद्रातलं सरकार पडलं नाही, तरी केंद्राचा निर्णय बदलला. तीन वर्षांत, १ मे १९६० रोजी, मुंबईसह महाराष्ट्र झाला. सरकार न पाडताही फिरलेली मतं धोरण फिरवू शकतात, याचं हे ठळक उदाहरण आहे. त्यात आपल्या समाजाच्या मतांचा आणि दादासाहेबांच्या संघटनेचा मोठा वाटा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात हा वाटा फार कमी सांगितला जातो.

मतं वाढली, जागा घटल्या

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात बाबासाहेबांच्या संकल्पनेतला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. एन. शिवराज अध्यक्ष झाले. लोकसभेत दादासाहेब भूमिहीनांचा आणि बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न मांडत होते. १९५९ मध्ये महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि पडीक सरकारी जमिनीसाठी हजारो माणसं तुरुंगात गेली.

आणि त्याच सुमारास पक्ष फुटला. एका बाजूला बी. सी. कांबळे आणि शहरातले शिकलेले सहकारी, दुसऱ्या बाजूला दादासाहेब आणि खेड्यातला मोठा जनसमुदाय. एका गटाला दुरुस्त म्हटलं गेलं, दुसऱ्याला नादुरुस्त. दादासाहेब कम्युनिस्टांच्या फार जवळ गेले, घटनात्मक मार्ग सोडून रस्त्यावर उतरतात, असा आक्षेप होता. कोट-पँट आणि धोतर असाही तो वाद रंगवला गेला. यात कोण बरोबर, हा निवाडा आज करण्यात अर्थ नाही. परिणाम काय झाला ते बघू.

१९६२ च्या निवडणुकीपर्यंत चार गोष्टी बदलल्या होत्या. महाराष्ट्र झाला होता, म्हणजे समितीला बांधणारा प्रश्न संपला होता. समितीतले पक्ष आपापल्या वाटेने गेले होते. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने १९६० मध्ये बौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या होत्या आणि आपल्या समाजातल्या एका भागाला काँग्रेस परकी वाटेनाशी झाली होती. आणि १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द झाले होते. आता राखीव मतदारसंघ एकट्या जागेचे झाले आणि त्यावर बौद्धांना उभं राहता येत नव्हतं. नागपुरातल्या राखीव जागेवरून १९६२ मध्ये विधानसभेवर निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवड ते बौद्ध झाले होते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. हा अन्याय दूर व्हायला १९९० उजाडलं.

निकाल असा लागला. रिपब्लिकन पक्षाने लोकसभेच्या ६८ जागा लढवल्या. मतं वाढून २.८३ टक्के झाली. जागा तीन. महाराष्ट्रातून एकही नाही. नाशिक काँग्रेसकडे गेलं. राज्यातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने घेतल्या. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, त्याच नाशिकने यशवंतरावांना बिनविरोध लोकसभेवर पाठवलं.

आणि त्या तीन जागा कुठून आल्या? उत्तर प्रदेशातून. अलीगढला बुद्धप्रिय मौर्य, हाथरसला ज्योती स्वरूप आणि मुरादाबादला मुजफ्फर हुसेन. अलीगढमध्ये दंगल झाल्यानंतर मुस्लिम मतदार काँग्रेसवर नाराज होते आणि जाटव समाजाबरोबर ते एकत्र आले. म्हणजे जे महाराष्ट्रात १९५७ मध्ये भाषेच्या प्रश्नाने घडलं, ते पश्चिम उत्तर प्रदेशात १९६२ मध्ये सुरक्षिततेच्या प्रश्नाने घडलं. सूत्र तेच. एकट्याची मतं पुरत नाहीत, दोन नाराज समाज एका प्रश्नावर जोडले गेले तर जागा येते.

या दोन निवडणुका शेजारी ठेवून प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा वहीत लिहाव्यात. १९ जागा, १.६९ टक्के, सहा खासदार. ६८ जागा, २.८३ टक्के, तीन खासदार. आपल्या पद्धतीत ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकतो. त्यामुळे गावोगाव विखुरलेली मतं अभिमान देतात, खासदार देत नाहीत.

तुरुंग भरले, मतपेटी भरली नाही

दादासाहेब १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. पण त्यांचं खरं काम सभागृहाबाहेर होतं. ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद देण्यात आली. भूमिहीनांना जमीन, किमान वेतनाची अंमलबजावणी, धान्याचं योग्य वाटप, बौद्धांना सवलती, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र अशा त्या मागण्या होत्या. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. चळवळीच्या नोंदींनुसार तीन लाखांहून अधिक माणसं तुरुंगात गेली. कडेवर मूल घेऊन बाया तुरुंगात गेल्या. पंजाबपासून कर्नाटकापर्यंत तुरुंग अपुरे पडले. स्वतंत्र भारतातल्या भूमिहीनांच्या सर्वांत मोठ्या लढ्यांपैकी हा एक.

आता १९६७ ची निवडणूक पाहा. रिपब्लिकन पक्षाने ७० जागा लढवल्या, मतं २.४७ टक्के, जागा एक. तीन लाख माणसं तुरुंगात नेणाऱ्या पक्षाला एकच खासदार. लढ्यातली गर्दी आपोआप मतात का बदलली नाही? समाजशास्त्राच्या वर्गात शिकलेलं आणि गावात पाहिलेलं जोडून मला दोन कारणं दिसतात. पहिलं, सत्याग्रहात उतरणारा माणूस भूमिहीन होता आणि निवडणुकीत तो ज्या गावात मत देत होता, तिथली मजुरी, उधारी, धान्य आणि संरक्षण बड्या शेतकऱ्याच्या हातात होतं. साखर कारखाना, सोसायटी, जिल्हा परिषद सगळं एका पक्षाकडे. दुसरं, जमिनीच्या प्रश्नावर मराठा-कुणब्यांतला अल्पभूधारक, आदिवासी, भटका समाज आपल्याबरोबर यायला हवा होता. तो लढा त्यांच्यापर्यंत पुरेसा पोचला नाही. गायरानावरचं अतिक्रमण म्हणजे आपल्या गुरांच्या चाऱ्यावर घाला, असंच त्यातल्या अनेकांना दाखवलं गेलं.

याच काळात नेतेही फिरत होते. आर. डी. भंडारे काँग्रेसमध्ये गेले आणि १९६७ ला मुंबईतून काँग्रेसचे खासदार झाले. बुद्धप्रिय मौर्य पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि १९७१ ला हापूडमधून निवडून आले. मतदार फिरतो म्हणून आपण त्याला दोष देतो, पण पुष्कळदा आधी नेता फिरलेला असतो.

शेवटची तडजोड

१९६७ च्या निवडणुकीनंतर दादासाहेबांनी स्वतःच काँग्रेसशी युती केली. जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत यशवंतरावांबरोबर समझोता झाला. ज्यांनी आयुष्यभर काँग्रेसशी दोन हात केले, त्यांनी हे का केलं, यावर आजही वाद आहे. समर्थक म्हणतात, गावपातळीवर सत्ता मिळाल्याशिवाय जमीन आणि संरक्षण मिळणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. विरोधक म्हणतात, इथून पक्ष काँग्रेसच्या दावणीला बांधला गेला. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तीही टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही. पुढे बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांचा गट वेगळा झाला.

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. हिशेब चुकीचा नव्हता, भाव चुकीचा ठरला. १९५७ मध्ये युती करताना दादासाहेबांच्या मागे एक जिवंत प्रश्न होता आणि त्यांच्या मतांशिवाय समितीचं अडत होतं. १९६७ नंतर काँग्रेसचं तसं अडत नव्हतं, फुटलेल्या पक्षाचं अडत होतं. मार्च १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने देशात ३५२ आणि महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या. गरिबी हटवण्याच्या घोषणेने आपल्या वस्त्यांतलं मतही थेट तिकडे नेलं. मधल्या पक्षाची गरज उरली नाही. युतीतून रिपब्लिकन पक्षाच्या पदरात लोकसभेची एकच जागा पडली.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले. काही महिन्यांतच मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या रागात या तडजोडीवरचा रागही होता. पण पँथरच्या अनेक पोरांचे आई-बाप दादासाहेबांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते, हेही विसरता येत नाही.

आपल्यासाठी काय उरतं?

दादासाहेबांच्या नंतरही तेच सूत्र पुन्हा दिसलं. १९९६ मध्ये महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३३ जागा भाजप-शिवसेनेकडे गेल्या. १९९८ मध्ये रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसशी युती झाली, आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले हे चौघे निवडून आले. चारही जागा सर्वसाधारण. काँग्रेसला ३३ जागा मिळाल्या. वर्षभरात सगळे पुन्हा विखुरले आणि १९९९ मध्ये चित्र उलटलं. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम यांना मिळून राज्यात सात टक्क्यांहून अधिक मतं मिळाली. २०२४ मध्ये संविधानाचा प्रश्न पुढे आला आणि वंचितची मतं तीन टक्क्यांच्या आत आली. तो मतदार विकला गेला नव्हता. त्याच्या मनातला दुसरा थर वर आला होता.

म्हणून तरुण मित्रांनो, मैत्रिणींनो, मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, मत फिरलं की शिव्या देऊ नका, कारण शोधा. वस्तीत जाऊन विचारा. ज्या बाईने रेशनसाठी, घरकुलासाठी, पोराच्या शिष्यवृत्तीसाठी मत दिलं, तिचा हिशेब समजून घ्या. धम्म आपल्याला कारण शोधायला शिकवतो, दोषी शोधायला नाही.

दोन, युती करायची की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. कुठल्या प्रश्नावर, कुणाच्या मतदाराशी आणि आपलं वजन काय असताना, हे तीन प्रश्न आधी विचारा. १९५७ ला या तिन्हींची उत्तरं दादासाहेबांकडे होती. १९७१ ला नव्हती.

तीन, निवडणुकीच्या सहा महिने आधी दुसऱ्या समाजाच्या दारात जाऊन काही होत नाही. नाशिकचं दार उघडायला सत्तावीस वर्षं लागली. त्या सत्तावीस वर्षांत दादासाहेब रोज कुणाच्या ना कुणाच्या बांधावर, चाळीत, मोर्चात होते. मतदाराने त्यांना एका दिवसात स्वीकारलं असं दिसतं, पण ओळख जुनी होती.

पुढच्या १५ ऑक्टोबरला त्यांच्या फोटोला हार घालाच. पण हार घातल्यावर अर्धा तास बसा, आपल्या मतदारसंघाची गेल्या तीन निवडणुकांची बूथनिहाय मतं समोर ठेवा आणि शेजारच्या वस्तीत कुणाला भेटायचं, ते ठरवा.

जय भीम. नमो बुद्धाय.